नाकारलेली नळी

जावयाचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी रक्ताची रिकामी पेटी पुसत बसले होते.

"आई, खुर्चीखाली गळतंय," तो म्हणाला.

"काय गळतंय?"

"मला वाटलं बाटली लवंडली. पाणी नाहीये ते."

मागून मुलीचा आवाज आला, "आईला कशाला घाबरवताय? बाळाला घ्या आधी." एरवी ती बोलायला लागली की समोरच्याला मध्ये शिरायला जागा नसते. आज एकेक शब्द खोल विहिरीतून शेंदून काढावा तसा वर येत होता.

तिला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. बाळंतपण तिच्या घराजवळच्या लहान दवाखान्यात झालं होतं आणि सगळं नीट आहे म्हणून तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं होतं.

"तिला आडवी कर. पाय उशीवर. चादरीत गुंडाळून गाडीत घाल आणि इकडे आण," मी म्हटलं. "आणि हे बघ, पुढच्या दाराने येऊ नकोस. तिथे केसपेपरला रांग असते. मागच्या दाराने ये. मी उभी आहे."

मागच्या दाराने ये. हे शब्द माझे. नंतर ते मी इतक्यांदा मनात म्हटले आहेत की आता त्यांना धार उरायला नको होती. पण आहे.

माझं काम रक्त पोचवण्याचं होतं. वॉर्डातून रक्ताच्या नमुन्याची नळी तळघरातल्या रक्तपेढीत न्यायची आणि तिथून पिशवी पेटीत घालून वर आणायची. त्याआधी बारा वर्षं मी तिथल्याच फरश्या पुसल्या. मग रक्तपेढीतल्या मास्तरांनी मला अक्षरं शिकवली, कारण त्यांना लेबल वाचणारं माणूस हवं होतं आणि ज्यांना वाचता येत होतं ते जिने चढायला तयार नव्हते. मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. रक्त तपासणारे. पण चूक दिसली की वर्गात ओरडावं तसे ओरडायचे, म्हणून सगळं रुग्णालय त्यांना मास्तर म्हणायचं. मला सगळे मावशी म्हणायचे. मास्तर माझ्याच वयाचे, तरी तेही मावशीच म्हणायचे.

इतकी वर्षं रक्त वाहून नेल्यावर डॉक्टरांइतकं नाही, पण थोडंफार कळायला लागतं. माणसाच्या अंगातलं किती गेलं की ओठ कसे दिसतात, कानाच्या पाळ्या कशा दिसतात. गाडी मागच्या दाराशी आली, जावयाने दार उघडलं आणि मी आधी मुलीच्या कानांकडे पाहिलं. मेणासारखे होते.

"मावशींची लेक आहे, सोडा, सोडा," पहारेकऱ्याने कोणी न सांगताच फाटक उघडलं होतं. त्याची नोंदवही टेबलावर मिटलेलीच राहिली. दोघांनी स्ट्रेचर ओढलं. चादर खालून जड झाली होती आणि कोपऱ्यातून थेंब पडत होते. मी पुसलेल्या त्याच फरशीवर.

"आई, मला झोप येतेय गं."

"झोपायचं नाही."

"बारा दिवसांत पहिल्यांदा येतेय," ती म्हणाली आणि हसायला गेली. हसू ओठांपर्यंत आलंच नाही.

तातडीच्या विभागातली सिस्टर माझ्या ओळखीची. तिच्या पहिल्या दिवशी सुई लावताना तिला नस सापडेना तेव्हा मीच तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं होतं. तिने मला पाहिलं, स्ट्रेचरवर कोण आहे ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, केसपेपर?"

"जावई काढतोय. तू आधी हात लाव बाई."

"हो, हो."

एरवी असं होत नाही. केसपेपरच्या खिडकीवर पेशंटला नंबर मिळतो, तो नंबर आणि नाव छापलेली पट्टी त्याच्या मनगटाला बांधतात आणि पट्टी बांधल्याशिवाय रक्ताचा नमुना काढत नाहीत. रस्त्यावरून बेशुद्ध माणूस उचलून आणला तरी त्याला लगेच तात्पुरता नंबर देतात. माझ्या मुलीला तोही मिळाला नाही, कारण ती बेवारस नव्हती. तिला तिथे सगळे ओळखत होते.

शेजारच्या खाटेवर एक रंगारी होता. शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि मांडी फुगून दुप्पट झाली होती. त्याच्या हातांवर, भुवयांवर पिवळा रंग वाळला होता. "सिस्टर, त्या ताईंकडे बघा आधी," तो म्हणाला. "मी कुठे पळून जातोय? शिडीसुद्धा तिकडेच राहिली." सिस्टरने नुकतंच त्याचं रक्त काढलं होतं. तीच ट्रे हातात घेऊन ती माझ्या मुलीकडे वळली, दुसरी सुई लावली, दुसरी नळी भरली.

तेवढ्यात डॉक्टरबाई ओरडल्या, "बीपी साठवर आलंय! सलाईन दाबा!"

सिस्टरने ट्रे दोन खाटांमधल्या टेबलावर ठेवली आणि सलाईनची पिशवी दोन्ही हातांनी पिळायला लागली. ट्रेमध्ये दोन नळ्या. दोन्हींना जांभळी टोपणं, दोन्हींवर काहीच लिहिलेलं नाही. एक मुलीच्या बाजूला होती, एक रंगाऱ्याच्या बाजूला.

"दोन ओ निगेटिव्ह आत्ता आणि चार जुळवून ठेवायला सांगा. पळा मावशी!" डॉक्टरबाईंनी चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.

मुलीच्या बाजूची नळी उचलून मी निघाले.

"मावशी, लेबल!"

"खाली लावते!"

तळघरापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. लिफ्ट आहे, पण ती प्रत्येक मजल्यावर थांबून विचार करते. मी जिन्याने उतरले. मुठीत नळी होती, कोमट, आणि मला वाटत होतं माझ्या मुलीचा हातच धरलाय. एवढा तरी गरम आहे, एवढा तरी गरम आहे, असं म्हणत मी उतरले.

मास्तर काउंटरशी उभे होते. वरून फोन आला असणार, कारण पेटी उघडून तयार होती आणि त्यात बर्फाच्या थैल्या रचलेल्या होत्या. त्यांनी नळी घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, नळी फिरवून पाहिली.

"कोणाची?"

"माझ्या मुलीची, मास्तर. बारा दिवसांची बाळंतीण."

"ते कळलं मला. नळीवर कुठे लिहिलंय?"

"लिहा ना तुम्ही. मी सांगते नाव."

"नंबर?"

"नंबर नाही अजून. मागच्या दाराने आणली."

त्यांनी नळी काउंटरच्या कडेला, बाजूला ठेवली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. काचेवर काच टेकल्याचा, अगदी बारीक.

"ही चालणार नाही."

"मास्तर!"

"तुम्ही काढलीत?"

"सिस्टरने काढली. मी समोर उभी होते."

"समोर होतात. नळीकडे बघत होतात, की मुलीच्या तोंडाकडे?"

त्यावर मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला पोरंबाळं असती तर कळलं असतं, असंही बोलले. त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मला माहीत असून बोलले.

मी बोलत होते तोवर त्यांचे हात थांबले नव्हते. त्यांनी शीतकपाटातून दोन पिशव्या काढल्या, तारीख पाहिली, वहीत उतरवल्या, पेटीत ठेवल्या.

"या ओ निगेटिव्ह. कोणालाही चालतात. नळी लागत नाही, गट लागत नाही. पण एवढ्या दोनच आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "या संपायच्या आत मला नवीन नळ्या पाहिजेत. दोन. दोन वेगळ्या माणसांनी काढलेल्या. आधी मनगटाला पट्टी, मग सुई आणि पेशंटशेजारी उभं राहूनच लेबल. टेबलावर नाही, जिन्यात नाही."

"तोवर ती गेली तर?"

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. "माझी मुलगी असती तर मी तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो असतो, मावशी. आणि तुम्ही मला हीच नळी परत दिली असती. चला, पळा."

वर चढताना मी त्यांचा इतका राग केला की गुडघे दुखायचे विसरले. मग मधल्या वळणावर मला तो माणूस आठवला.

मी फरश्या पुसायचे त्या काळातली गोष्ट. एका धडधाकट माणसाला दुसऱ्याच कोणाची पिशवी लागली. अर्ध्या पेल्याइतकंही रक्त आत गेलं नसेल. आधी तो म्हणाला कंबर दुखतेय. मग थंडी भरली, अशी की खाट वाजायला लागली. दुपारी त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि संध्याकाळी त्याच्या खाटेखालची फरशी पुसायला मला बोलावलं. रक्त कमी पडून माणूस मरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. रक्त देऊनही मरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. पण ते दुसऱ्यांच्या चुकीने. माझ्या हाताने कसं होईल? आईच्या हाताने?

पहिली पिशवी लावली तेव्हा मुलीचे डोळे अर्धे मिटलेले होते. डॉक्टरबाई पिशवी काखेत धरून दाबत होत्या. गार रक्त इतक्या वेगाने आत जात होतं की तिला हुडहुडी भरली. थंडी बघून मला ती वाजणारी खाट आठवली. "ओ निगेटिव्ह आहे मावशी, ही थंडी गार रक्ताची आहे," डॉक्टरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आपण हिला शस्त्रक्रियेला घेतोय. बाकीच्या पिशव्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. सिस्टरने डोक्याला हात लावला. "पट्टी! मावशी, पट्टीच बांधली नाही आपण."

मी केसपेपरच्या खिडकीकडे धावले. जावई रांगेत उभा होता. छातीशी बाळ, खांद्यावर बायकोची पर्स, पुढे सतरा माणसं. अर्धा तास तो मुकाट उभा होता, कारण मी सांगितलं होतं की आतलं सगळं मी बघते.

"अहो, बाजूला व्हा हो जरा, माझ्या मुलीला रक्त चढवायचंय!" मी ओरडले.

रांग अशी दुभंगली की खिडकी समोर दिसायला लागली. एक जाड चष्म्याच्या बाई जावयावर खेकसल्या, "अहो, मग आधी बोलायचं ना! तोंडाला कुलूप घातलंय का? कोण अडवणार होतं तुम्हाला?"

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "जन्मतारीख?"

जावयाने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बायकोची हो," कारकून म्हणाला, "बाळाची नाही विचारत."

तारीख मी सांगितली. पट्टी छापून निघाली. दीड मिनिट लागलं असेल. मी मागच्या दाराने जे वाचवलं ते एवढं दीड मिनिट.

मुलगी शस्त्रक्रिया विभागाच्या बाहेरच्या खोलीत होती. दुसरी पिशवी चालू झाली होती. सिस्टर माझ्या मागोमाग धावत आली. तिने पट्टी हातात धरून मुलीच्या कानाशी तोंड नेलं. "ताई, नाव सांगा तुमचं. पूर्ण नाव."

"माहितेय की तुला," मी म्हटलं.

"मावशी, आता नाही. ताई, नाव?"

मुलीचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण नाव होतं. सिस्टरने पट्टी बांधली, एक नळी काढली, तिथेच लेबल चिकटवलं. आठ-दहा मिनिटांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या हातातून दुसरी काढली, पट्टी वाचून लेबल लावलं. तोवर मी दुसऱ्या पिशवीकडे बघत बसले. पिशवी वरून खाली मिटत येत होती. निम्मी झाली. निम्म्याची निम्मी झाली.

मी निघाले तशी सिस्टरने खिशातून आणखी एक नळी काढली. "ही पण न्या. रंगाऱ्याची. ट्रेमध्ये राहिली होती, मी लेबल लावलंय." नाव, नंबर, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात होतं. तीन नळ्या घेऊन मी पुन्हा बेचाळीस पायऱ्या उतरले.

मास्तरांनी मुलीच्या दोन्ही नळ्यांवरची लेबलं चिठ्ठीशी ताडून पाहिली. मग पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर थेंब टाकले. हे मी हजारदा पाहिलंय. रक्ताच्या एका थेंबात निळ्या बाटलीतलं औषध, दुसऱ्या थेंबात पिवळ्या बाटलीतलं, मग फरशी हलकेच हलवायची. ज्या थेंबात दूध नासल्यासारख्या गुठळ्या होतात त्यावरून गट कळतो. निळ्यात झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी.

पहिली नळी. गुठळ्या पिवळ्यात. दुसरी नळी. पिवळ्यात.

मास्तर थबकले. काउंटरच्या मागे असलेल्या त्यांच्या जाड वहीकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी रंगाऱ्याची नळी घेतली, तिचे थेंब टाकले. पिवळ्यात. त्यांचा हात सरळ फोनकडे गेला.

"तातडीचा विभाग? तो शिडीवरून पडलेला माणूस, त्याला रक्त द्यायचं नाही. माझ्याकडून काही येणार नाही. त्याची पट्टी बघून नवीन नळी काढा. हो, लेबल आहे. लेबल असू दे. नवीन काढा. आत्ता."

"मास्तर, रंगाऱ्याचं नंतर करा हो!" मी काउंटरवर मूठ आपटली. "तिची पिशवी संपत आली!"

त्यांनी फोन ठेवला, शीतकपाट उघडलं, बीच्या दोन पिशव्या काढल्या. दोन-तीन मिनिटं त्यांतलं रक्त मुलीच्या नळीतल्या थेंबांशी मिसळून काहीतरी पाहिलं. मला ती मिनिटं बाळंतपणाच्या कळांपेक्षा लांब वाटली.

"पूर्ण ताळा व्हायला अजून वेळ लागेल. डॉक्टरबाईंनी सही केलीय, थांबता येत नाही म्हणून. गट जुळतोय. वाचा."

मी वाचलं. पिशवीवरचा नंबर, चिठ्ठीवरचा नंबर, नाव, गट. नेहमीसारखं बोट ठेवून, एकेक अक्षर.

"पुन्हा."

"मास्तर, तुमच्या पाया पडते."

"पुन्हा वाचा मावशी."

मी रडत रडत पुन्हा वाचलं. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. "पळा. नाही, पळू नका. चालत जा. पडलात तर दुसरी पिशवी काढायला वेळ नाही."

त्यानंतर मी आणखी दोनदा उतरले आणि चढले. किती वाजता काय झालं ते मला सांगता येणार नाही. शस्त्रक्रिया विभागाचं दार फूटभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, पेटी घ्यायचा, दार बंद. त्या हाताच्या मनगटापर्यंत रक्त होतं. दाराबाहेरच्या बाकावर जावई बसला होता आणि बाळ भुकेने ओरडून ओरडून त्याच्याच शर्टाचं बटण चोखत झोपलं होतं. "आई, थांबलं असेल ना आता?" तो दर थोड्या वेळाने विचारायचा. मी म्हणायचे, "बायकोची जन्मतारीख पाठ कर तोवर." मग आम्ही दोघंही दाराकडे बघायचो.

दुपारी तीनच्या सुमारास डॉक्टरबाई बाहेर आल्या. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, तो काढला. गर्भाशयात फुगा फुगवून त्याच्या दाबाने रक्त थांबवलं. एकूण सहा पिशव्या लागल्या. "जगेल," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसल्या.

जावई बाळाला कुरवाळत रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी रिकामी पेटी उचलली आणि परत करायला खाली गेले. मास्तरांची क्षमा मागायची होती. त्या मुलाबाळांच्या बोलण्याबद्दल.

मास्तर जागेवर नव्हते. आतून हात धुतल्याचा आवाज येत होता. काउंटरवर त्यांची जाड वही उघडी होती. ती वही म्हणजे सगळ्या रुग्णालयाच्या चेष्टेचा विषय. लेबल नसलेली, अर्धवट लेबलाची अशी जी नळी मास्तर नाकारायचे, ती टाकून न देता तीही तपासायचे आणि या वहीत लिहून ठेवायचे. कोणी आणली, काय चुकलं, गट काय निघाला. कोणी विचारलेलं नसायचं. "मास्तर, कचऱ्याचा हिशेब ठेवताय," असं सिस्टर लोक हसायच्या. मला मात्र ती वही जवळची होती, कारण अक्षरं मी त्याच वहीत बोट ठेवून शिकले. दुसऱ्यांच्या चुका वाचत.

मी सवयीने बोट ठेवलं आणि वाचलं.

अकरा वाजून चार मिनिटं. लेबल नाही, नंबर नाही. आणणाऱ्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या मुलीची. गट ए.

मला वाटलं माझं वाचायला चुकलं. मी पुन्हा बोट ठेवलं. ए.

त्याखालची ओळ. अकरा पस्तीस. तीच पेशंट, पट्टी आहे, दोन नळ्या. गट बी, बी.

त्याखालची. शेजारच्या खाटेवरील रंगारी. ट्रेमध्ये राहिलेली नळी, लेबल नंतर लावलेलं. गट बी. नवीन नळी. गट ए.

मी काउंटर धरून उभी होते. तशीच खाली बसले, थेट फरशीवर. माझ्या डोळ्यांसमोर ती ट्रे आली. सिस्टरने दोन्ही नळ्या ट्रेमध्ये नीटच ठेवल्या असतील. पण सलाईन दाबायला वळताना तिने ट्रे टेबलावर उलटी फिरवून ठेवली. मुलीच्या बाजूला आली ती रंगाऱ्याची नळी. तीच मी मुठीत धरून आणली होती. एवढा तरी गरम आहे, असं म्हणत. तो हात माझ्या मुलीचा नव्हताच.

आणि मी म्हटलं होतं, लिहा ना तुम्ही, मी सांगते नाव.

त्यांनी लिहिलं असतं तर ए ची पिशवी आली असती. मी ती पळत पळत वर नेली असती. दार फूटभर उघडलं असतं. भूल दिलेल्या मुलीला कंबर दुखतेय असंही म्हणता आलं नसतं. आणि उरलेली तिची नळी रंगाऱ्याच्या नावाने खाली आलीच होती, तिच्यावरून त्याला बी ची पिशवी लागली असती आणि तो, ताईंकडे आधी बघा म्हणणारा, तोही. एका मुठीत मी दोन माणसं आणली होती.

मास्तर हात पुसत बाहेर आले. मला खाली बसलेली पाहून त्यांना कळलं.

"वाचलंत."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला जिना चढायचा होता."

मास्तर समोर स्टूल ओढून बसले. पुसलेले हात ते पुन्हा पुन्हा पुसत होते.

"मी जवळजवळ घेतली होती," ते अखेर म्हणाले. "नळी. तुम्ही तो पोराबाळांचा टोमणा मारलात ना, तेव्हा. पेन उचललं होतं मी."

हे ऐकून मला जी भीती वाटली ती सकाळपासूनच्या सगळ्या भीतीहून मोठी होती. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. वहीकडे पाहिलं. प्रत्येक ओळीत नळी आणणाऱ्याचं नाव होतं, फक्त माझ्या ओळीत 'आणणाऱ्या बाई' एवढंच.

"माझं नाव नाही लिहिलंत."

"राहिलं असेल."

"राहत नाही तुमचं."

त्यांनी पेन पुढे केलं. मी फरशीवरून उठले आणि माझ्या हाताने माझं नाव त्या रांगेत लिहिलं. सगळ्यात वाईट अक्षर माझंच होतं. पण वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला आणखी एक पिशवी द्यायची ठरली. पिशवी मीच आणली. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. कानांच्या पाळ्यांना रंग आला होता, फार नाही, पण होता. बाळ तिच्या कुशीत होतं. जावई खुर्चीत बसून घोरत होता. रंगाऱ्याच्या पायाला सळई घातली होती आणि तो दोन वॉर्ड पलीकडे नर्सला सांगत होता की तुमच्या भिंतींचा रंग अगदीच आजारी आहे.

सिस्टर पिशवी घेऊन खाटेशी आली. आज तीही माझ्याकडे बघत नव्हती, मीही तिच्याकडे नाही. पहाटे तिने वहीतली ती ओळ खाली जाऊन वाचली होती.

मी मुलीचं मनगट हातात घेतलं. पट्टी जराशी सैल होती.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

"नाव सांग."

"अगं, तूच ठेवलंस ना!"

"पूर्ण नाव."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. काय दिसलं तिला, कोण जाणे. तिने तिचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं, एकेक शब्द सुटा, लहान मुलाला सांगावं तसं. मी पट्टीवर बोट ठेवून वाचलं. सिस्टरने पिशवीवरून वाचलं. नंबर जुळला, गट जुळला.

"झालं समाधान?" मुलगी म्हणाली.

रक्त चालू करण्यासाठी सिस्टरने नळीवरच्या चिमट्याकडे हात नेला. मी तिचा हात धरला.

"थांब," मी म्हटलं. "पुन्हा वाच."